नाकोबाचं शून्य

कारखान्यात सगळे त्यांना तोंडावर काका म्हणत आणि पाठ वळली की नाकोबा. त्यांना दोन्ही ठाऊक होतं आणि एकाचाही राग नव्हता. नाक चांगलं लांबलचक, आणि उभा जन्म त्याच नाकावर पोट भरलेलं. मग लोकांनी दुसरं काय म्हणायचं?

कारखाना वासांचा होता. साबणवाले, मेणबत्तीवाले, अत्तराच्या बाटल्या विकणारे दुकानदार, सगळ्यांना इथून माल जायचा. पुढच्या दालनात पिंपं, नळ्या, बाटल्या भरायची यंत्रं आणि दिवसभर त्यांचा खडखडाट. नाकोबांची खोली मात्र आत, उत्तरेच्या खिडकीशी. एक लांब टेबल, टेबलावर पायऱ्यांची लाकडी मांडणी, आणि तिच्यावर वर्गाच्या फोटोतल्या पोरांसारख्या ओळीने उभ्या असलेल्या तपकिरी बाटल्या. कुठल्या बाटलीत काय आहे हे चिठ्ठी न वाचता त्यांना कळायचं. चिठ्ठ्या होत्या त्या बाकीच्यांसाठी.

फुलांचे न् फळांचे वास कुणीही करावेत, त्यात काही फार मोठं नाही असं त्यांचं स्पष्ट मत होतं, आणि ते मत ते फुलांचे वास करणाऱ्यांसमोरसुद्धा बोलून दाखवत. त्यांचा स्वतःचा हात बसला होता तो ऊबदार वासांवर. लवंग, दालचिनी, जायफळ, देवदार, चंदन, वाळा, लोबान. थंडीच्या दिवसात अंगावर घ्यावेत असे वास. त्यांच्या वासाबद्दल गिऱ्हाइकं एकच गोष्ट सांगायची, की याला जागा असते. दुसऱ्यांचा वास लावला की माणूस त्या वासात बुडतो. काकांचा वास लावला की माणूस त्या वासात बसतो. हे ऐकलं की नाकोबा नुसते हसत. ती जागा कुठून येते हे त्यांनाही माहीत नव्हतं, पण ते कोण कबूल करतो!

आता या धंद्याचं एक सोवळं असतं. स्वयंपाकघरातलं सोवळं परवडलं, पण नाकाचं महाकठीण. वासाच्या साबणाने अंघोळ करायची नाही. तोंडाला पावडर नाही, केसाला सुवासिक तेल नाही. घरात कांदा-लसूण परतायचा तो सुट्टीच्या आदल्या दिवशी आणि खिडक्या सताड उघड्या टाकून. नाकोबांनी हे सोवळं पाळलं ते पाळलंच, पण बायकोलाही पाळायला लावलं. ती बिचारी लग्न होऊन आली तेव्हा तिच्या पेटीत गुलाबाच्या पावडरीचा डबा होता. तो तिने पहिल्याच आठवड्यात धाकट्या बहिणीला देऊन टाकला. नंतर त्या घरात वासाची म्हणून वस्तू आली नाही.

संध्याकाळी नाकोबा कागदाच्या पट्ट्या घरी आणायचे. पट्टीचं टोक वासात बुडवलेलं असतं आणि ते तासातासाने हुंगायचं असतं. कारण वास म्हणजे एकदम आलेली वरात नव्हे. हलके रेणू आधी पळतात. संत्र्याची साल, वेलची, ही मंडळी पाहुण्यांसारखी आली आणि चहा पिऊन गेली. मग लवंग-दालचिनी स्थिरस्थावर होतात. आणि सगळे उठून गेल्यावर जे जड रेणू मागे राहतात, चंदन, देवदार, वाळा, ते दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा पट्टीवर असतात. खरा वास तोच. तो बघायचा तर पट्टी घरीच आणायला हवी. जेवणाच्या टेबलाच्या कडेला कपड्यांच्या चिमट्यांत पट्ट्या अडकवून ते एकेक हुंगत बसायचे.

पण नाकाची एक खोड आहे. तेच ते समोर आलं की ते लक्ष देईनासं होतं. तीन-चार पट्ट्या झाल्या की सगळ्याच सारख्या वाटायला लागतात. तेव्हा या धंद्यातला माणूस काय करतो, तर आपल्याच कोपराच्या आतल्या बाजूला नाक लावून श्वास घेतो. आपल्या कातडीचा वास म्हणजे आपलं शून्य. तिथून परत मोजायला सुरुवात करायची. नाकोबांची अडचण अशी, की त्यांच्या स्वतःच्या कातडीत इतक्या वर्षांची लवंग मुरलेली. स्वतःचा हात हुंगला की लवंगच समोर. मग ते म्हणायचे, "अगं, हात दे जरा."

ती शेजारी खुर्चीत बसलेली असायची. कोपर पुढे करायची आणि दुसऱ्या हाताने वर्तमानपत्राचं पान उलटायची.

"झालं का हुंगून? मी काय भाजीची जुडी आहे?"

"थांब गं. अजून एकदा."

"अहो, बातमीचा शेवट राहिलाय माझा. हात हवा तर कापून घेऊन जा."

असं रोज. आणि पाहुणे आले की नाकोबा मोठ्या अभिमानाने सांगायचे, "आमच्या हिला वासच नाही बघा. कोरा कागद. लाखात एक बाई!" बायकोचं असं कौतुक करणारा दुसरा नवरा तुम्ही शोधून दाखवा. पाहुण्यांना हसावं की काय करावं ते कळायचं नाही. ती हसायची आणि चहा टाकायला उठायची.

पानगळीच्या दिवसात ती गेली. आजार आधी किरकोळ वाटला आणि वाटता वाटता हाताबाहेर गेला. लेक दुसऱ्या गावाहून धावत आली, महिनाभर राहिली, आणि मग तिला तिचं घर होतं, नोकरी होती, ती गेली. जाताना म्हणाली, "बाबा, माझ्याकडे चला." नाकोबा म्हणाले, "आणि माझं टेबल?" लेकीने पिशवी उचलली. लहानपणापासून तिने ते टेबल ऐकलेलं होतं.

नाकोबा कामावर परत आले त्याच आठवड्यात मालकीणबाई आतल्या खोलीत येऊन बसल्या. या म्हणजे थोरल्या मालकांची मुलगी. फ्रॉकात होत्या तेव्हा याच खोलीत येऊन बाटल्यांची झाकणं पळवायच्या. आता सगळा कारखाना त्यांच्या डोक्यावर होता.

"काका, एक मोठं गिऱ्हाईक आलंय. लोकरीच्या कोटांची दुकानं आहेत त्यांची, बरीच. दुकानात शिरल्याबरोबर एक वास यायला हवा, आणि तोच बाटलीत घालून विकणार. तुमच्याच जातीचा. ऊबदार, जरा मसालेदार, लाकडाचा."

"करू की."

"त्यांनी सांगितलंय तसं सांगते. बाहेरून थंडीत गारठून आलं, आणि घरी कोणीतरी वाट बघत बसलंय, असं वाटलं पाहिजे."

नाकोबांनी एका बाटलीचं झाकण उघडलं आणि परत लावलं.

"काका, तुमच्यापासून लपवत नाही," मालकीणबाई म्हणाल्या, "हे गिऱ्हाईक मिळालं तर ही खोली चालेल. नाही मिळालं तर मला ती बंद करावी लागेल. तयार वास बाहेरून आणायचे आणि आपण नुसत्या बाटल्या भरायच्या. सगळेच आता तसं करतात."

म्हणजे टेबल जाणार. सरळ गोष्ट होती. आणि टेबल गेलं तर त्या माणसाने सकाळी उठायचं तरी कशाला? घरी एक ताट, एक पेला, दोन खुर्च्या. त्यातल्या दुसऱ्या खुर्चीकडे बघायचं नाही असं ठरवून ते जेवायला बसत, आणि जेवण होईपर्यंत तिच्याकडेच बघत. टेबल होतं म्हणून तो माणूस उभा होता.

नाकोबा कामाला लागले. असला वास ते झोपेत करू शकले असते. वर थोडी वेलची आणि संत्र्याची साल, आत येताना दार उघडल्यासारखी. मग युजेनॉल, म्हणजे लवंगेला लवंगेचा वास देतं ते. दालचिनी अगदी जपून, कारण तिचा तिखट भाग कातडीला चावतो. चिमूटभर जास्त झाली की गिऱ्हाइकाच्या मानेवर पुरळ. लवंगेला लागून व्हॅनिलिन, व्हॅनिलाचा गोड वास. लोकांना वाटतं लवंग आणि व्हॅनिला यांचा काय संबंध, एक तिखट, एक गोड. पण त्या मावसबहिणी आहेत. एकेकाळी लवंगेच्याच तेलापासून व्हॅनिलिन बनवायचे, आणि कागदाच्या गिरणीत लाकडाचा जो चोथा उरतो त्याच्यातूनही ते निघतं. म्हणून लाकूड, लवंग आणि व्हॅनिला एकत्र आली की भांडत नाहीत, एका घरातली असल्यासारखी बसतात. खाली देवदार, ओल्या मातीच्या वासाची पचौली, थोडा लोबान. सुकलेल्या गवताचा वास देणारं कुमारिन. आणि सगळ्यांच्या तळाशी चंदन. चंदन कधी आरडाओरडा करत नाही. ते नुसतं बाकीच्यांना धरून ठेवतं, लवकर उडू देत नाही.

केलं. मुरायला ठेवलं. पट्टी घरी आणली, चिमट्यात लावली आणि हुंगली. आणि नाकोबांच्या कपाळाला आठी पडली. वास पोकळ होता. सगळी मंडळी आली होती, पण मध्ये कुणीतरी बसायचं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी चंदन वाढवलं. तरी पोकळ. मग लोबान. मग व्हॅनिलिन वाढवलं, तर वास पोकळच राहिला आणि वर बाटली तांबूस पडली. व्हॅनिलिनची ती सवयच आहे. मग लवंग. खड्डा दिसतोय, त्यात टाकताहेत, टाकताहेत, आणि खड्डा काही भरेना. शेवटी एक बाटली त्यांनी मालकीणबाईंपुढे ठेवली. ती त्यांना मनातून पसंत नव्हती, पण त्यातल्या त्यात बरी होती.

मालकीणबाईंनी पट्टी नाकाशी नेली आणि चटकन लांब धरली.

"काका, अहो, किती दाटीवाटी! यात श्वास कुणी घ्यायचा? मेळाव्यात चेंगरल्यासारखं वाटतंय."

"मला तर अजून रिकामाच वाटतोय."

"रिकामा?" मालकीणबाईंनी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "काका, बरं आहे ना सगळं?"

झालं! नाकोबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. नाकाबद्दल शंका म्हणजे पैलवानाच्या मांडीबद्दल शंका. ते तरातरा बाहेर आले आणि त्यांनी ठरवून टाकलं की दोष मालाचा आहे. चंदनाच्या तेलात कुणीतरी भेसळ केलीय. त्यांनी व्यापाऱ्याला फोन करून अशी काही झाडाझडती घेतली, की त्या गरीब माणसाने नवी बाटली स्वतः आणून दिली. नव्या बाटलीनेही वास पोकळच.

मग ते गेले यंत्रवालीकडे.

ही रसायन शिकलेली तरुण बाई कारखान्यात आल्यापासून नाकोबांचं आणि तिचं फारसं पटत नव्हतं. म्हणजे तिचं पटत होतं, यांचं पटत नव्हतं. कानामागून आली आणि तिखट झाली, असं ते म्हणायचे. तिच्याकडे कपाटाएवढं यंत्र होतं. त्यात वासाचा थेंब टाकला की तो तापलेल्या लांबलचक नळीतून जातो, हलके रेणू आधी बाहेर पडतात, जड मागून, आणि प्रत्येकाचा पडद्यावर एक डोंगर उमटतो. नाकोबा म्हणायचे, डोंगर बघून वास कळत असता तर गिर्यारोहकांनी अत्तरं केली असती.

पण आज ते हात बांधून तिच्याशेजारी उभे राहिले. तिने चंदन तपासलं. शुद्ध. देवदार तपासला. शुद्ध. मग नाकोबांनी कोपऱ्यातल्या फडताळातून आपल्या एका जुन्या वासाची बाटली काढली. प्रत्येक मालातली एक बाटली तिथे अंधारात राखून ठेवायची पद्धत होती. हा वास म्हणजे त्यांच्या शिरपेचातला तुरा. अजून विकला जात होता. त्यांनी पट्टी बुडवली, हुंगली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हाही पोकळ झालाय. बाटली नासलीय."

"नाही हो काका," यंत्रवाली म्हणाली. तिने थेंब टाकला. डोंगर उमटले. शेजारी तिने त्याच वासाचे जुने डोंगर लावले. एकावर एक ठेवले तर रेघ रेघेला मिळत होती. मग तिने स्वतः पट्टी हुंगली आणि तिचे डोळे मिटले. "काय सुंदर आहे हा! काही कमी नाही यात."

"तुला काय कळतंय?"

ती रागावली नाही. तिने काही बारीक बाटल्या मांडल्या, पाण्यासारख्या दिसणाऱ्या, आणि एकेक त्यांच्या नाकाशी धरली. त्यात वासाचा अंश इतका कमी, की दुसऱ्याला नुसता स्पिरिटचा वास आला असता. नाकोबा सांगत गेले. लवंग. जायफळ. कुमारिन. वाळा, आणि हा वाळा जरा जुना आहे. एकही चुकलं नाही.

"नाक शाबूत आहे, काका. माल शाबूत आहे. वासही तोच आहे."

"मग बदललं काय?"

"ते माझ्या यंत्राला नाही कळायचं," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात इतकी माया होती, की नाकोबांना भांडताच येईना.

घरी येऊन ते टेबलाशी बसले. पट्ट्या समोर. तीन हुंगल्या आणि नाक दमलं. सवयीने तोंडातून गेलंच, "अगं, हात..." आणि पुढचा शब्द तसाच राहिला. घर गप्प होतं. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली.

त्यांनी स्वतःचा कोपर हुंगला, लवंग. लोकरीचा गळपट्टा हुंगला, कुणी म्हणतं लोकरीने नाक कोरं होतं, त्यात धूळ. उकळतं पाणी आणून त्याच्या वाफेवर तोंड धरलं. शेवटी कपाट उघडून तिची सुती ओढणी काढली आणि तिच्यात नाक खुपसलं. बिनवासाच्या साबणाने धुतलेली, घडी घातलेली ओढणी. काहीही नाही. कोरा कागद. जगातल्या शेकडो गोष्टी ज्याला डोळे मिटून ओळखू येतात तो माणूस ती ओढणी तोंडावर धरून बसला, आणि त्या ओढणीत त्याला त्याची बायको सापडली नाही. तिची आठवण यावी असा एकही वास त्या घरात नव्हता. घरातून सगळे वास त्यानेच हुसकून लावले होते. नाकोबा रडले. चांगले हुंदके देऊन रडले, वरच्या मजल्याला ऐकू गेलं तर जावो म्हणून.

पुढच्या रविवारी लेक आली, आईचे कपडे आवरायला. दुपारी बापलेक टेबलाशी चहा घेत बसले. पट्ट्या चिमट्यांत होत्याच. मालकीणबाईंनी बुधवारची मुदत दिली होती. नाकोबांनी दोनदा चुळबूळ केली आणि मग म्हणाले, "जरा हात दे गं. कोपर."

लेकीने बघितलं. मग कोपर पुढे केला. नाकोबांनी नाक लावलं आणि एकदम मागे घेतलं.

"हे काय लावलंयस? बदाम? आणि खाली ती स्वस्तातली कस्तुरी!"

"हाताला लावायचं क्रीम आहे, बाबा. माणसं लावतात."

"तुझी आई कधी..."

"नाही लावायची. माहितीय मला. हिवाळ्यात तिचे हात फुटायचे, रक्त यायचं, तरी नाही लावायची. तुमच्या नाकासाठी."

"मी कुठे तिला... तिनेच..." नाकोबा चाचरले. "अगं, तिचा हात माझं शून्य होता. तिला वासच नव्हता. तू चिडू नकोस, मी चांगल्या अर्थाने म्हणतोय."

लेकीने कप खाली ठेवला.

"आईला वास नव्हता?"

"नव्हता."

"बाबा, मी लहानपणी तिच्या काखेत डोकं खुपसून झोपायचे. अंधारात खोलीत कोण आलं ते मला वासावरून कळायचं. दवाखान्यात शेवटच्या दिवशी औषधांच्या सगळ्या वासात मी तिच्या मानेशी वाकले, तर तो होता. तेव्हाही होता. आणि तुम्ही, आख्ख्या जगाला नाक शिकवणारे, रोज संध्याकाळी तिचा हात नाकाला लावून बसलात आणि म्हणता, तिला वास नव्हता?"

नाकोबांचा आवाज बारीक झाला. "कसा होता?"

लेक बोलायला गेली. तोंड उघडलं, मिटलं. "गरम... गरम असा. आणि कोरडा. म्हणजे... मला काय सांगता येतंय, बाबा?" आणि तिला रडू फुटलं. "ते तुम्ही सांगायचं होतंत. आपल्या घरात नाक तुमचं होतं."

संध्याकाळच्या गाडीने ती गेली. जाताना तिने वाकून बापाच्या डोक्यावर हात ठेवला, लहान मुलाच्या ठेवतात तसा. कपड्यांची पिशवी तिने नेली आणि ओढणी ठेवली.

सोमवारी सकाळी नाकोबा टेबलाशी बसले. करायचं काय ते ठाऊक नव्हतं, पण हाताला ठाऊक होतं. हाताने वजनकाटा चालू केला. काट्यावर काचेचं रिकामं भांडं ठेवलं आणि बटण दाबलं, की भांड्याचं वजन काटा विसरतो आणि शून्य दाखवतो. मग त्या भांड्यात काय टाकाल तेवढंच मोजतो. हे त्यांनी जन्मभर केलेलं. पण आज काय झालं, त्यांना भांड्याला एक डाग दिसला, आणि तो पुसायला त्यांनी भांडं उचललं. काट्याचे आकडे घसरले आणि शून्याच्या खाली जाऊन थांबले.

नाकोबा त्या उणे आकड्याकडे बघत राहिले. भांडं हातात, फडकं हातात.

काटा बिघडला नव्हता. काट्याने एवढंच धरलं होतं, की भांडं आहेच. ते उचललं, तर तो तेवढंच कमी दाखवणार, आणि जन्मभर दाखवत राहणार. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. तिला वास होता. तो रोज नाकाशी होता, म्हणून नाकाने त्याला शून्य धरलं. आणि त्यांचा प्रत्येक वास त्या शून्यावर बेतला गेला. त्यांनी पट्टी हुंगली तेव्हा तिचा हात आधीच नाकात होता. लवंगेत ती होती, चंदनात ती होती, म्हणून त्यांना वास भरलेला वाटायचा आणि ते हात आवरायचे. बाटलीत ती नसायची. बाटलीत तिच्याएवढी जागा असायची. लोक ज्या जागेत बसत होते ती जागा म्हणजे त्यांची बायको होती.

आणि आता ते त्या जागेत चंदन कोंबत होते.

नाकोबांनी डोळे पुसले, मोठ्याने नाक शिंकरलं, आणि मांडणीवरची बाटली ओढली. टाकलेलं चंदन वासातून उपसून काढता येत नाही. नव्याने करायला लागतं. त्यांनी नव्याने केला, कमी चंदनाचा. हुंगला. त्या जागेत अजून गर्दी होती. पुन्हा केला, लोबान उतरवला, व्हॅनिलिन निम्मं केलं. लवंग एवढीशी. मुरायला पुरता वेळ नव्हता, पण इतक्या वर्षांत कच्च्यावरून पक्का ओळखता येत होता. सोमवार गेला, मंगळवार गेला. दुपारी यंत्रवाली चहाचा कप ठेवून गेली, तो तसाच गार झाला.

बुधवारी मालकीणबाईंनी पट्टी नाकाशी नेली. या वेळी लांब धरली नाही. एकदा श्वास घेतला, दुसऱ्यांदा घेतला, आणि खुर्चीत मागे टेकून बसल्या. दिवसभराची धावपळ संपवून घरी आलेलं माणूस बसतं तसं.

"काका," त्या म्हणाल्या, "हाच. हाच हो! आता याला कुणी हात लावू नका."

यंत्रवालीनेही हुंगला. पट्टी तिने परत दिली नाही, ॲप्रनच्या खिशात टाकली. मालकीणबाई गिऱ्हाइकाला फोन करायला धावल्याच. खोली वाचली होती, टेबल वाचलं होतं. बाहेरच्या दालनात कुणीतरी "नाकोबाने मारली बाजी" असं ओरडलं, आणि ते त्यांना ऐकू गेल्यावर एकदम गप्प झालं.

नाकोबांनी एक पट्टी बुडवली आणि हळूच हुंगली.

"तुम्हाला कसा वाटतो, काका?" यंत्रवालीने विचारलं.

"अपुरा."

"अजूनही?"

"आता तसाच वाटायचा. हा, आणि पुढचे सगळे."

ती टेबलाजवळ आली. "मग थांबायचं कुठे, हे कसं कळलं तुम्हाला?"

नाकोबा बाटलीला बूच लावत होते. "कमी करत गेलो," ते म्हणाले. "जिथे ती नाहीय असं कळलं, तिथे थांबलो."